शाळेचं सायकल स्टँड रिकामं का झालं? पुणे महापालिकेच्या पथ विभागाला खुलं पत्र

प्रति,
आयुक्त, पथ विभागातले सर्व अभियंते आणि शहराच्या वाहतुकीचं नियोजन करणारे सगळे,
पुणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊनही आता काही वर्षं झाली. हे पत्र सायकलींबद्दल आहे, पण सुरुवात करते ती शाळेच्या मागच्या बाजूच्या एका पत्र्याच्या शेडपासून. या शहरातल्या रस्त्यांचं काय झालं ते मला त्या शेडमध्ये उभं राहून दिसलं.

मी नोकरीला लागले तेव्हा त्या शेडमध्ये सायकल लावायला जागा मिळत नसे. पाचवी-सहावीच्या मुलांनी भिंतीकडे लावायची, मोठ्यांनी फाटकाकडे, असा नियम होता आणि तो रोज मोडला जायचा. टोकाची एक सायकल पडली की अख्खी रांग कलंडत जायची आणि तो आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचा वर्ग खिडकीशी धावायचा. शिपाईमामांकडे हवा भरायचा पंप असायचा. पहिल्या तासाला दोन-तीन मुलांचे हात हमखास काळे असत, कारण वाटेत चेन पडलेली असे. उशीर झाला म्हणून मी त्यांना कधी बोलले नाही. चेन स्वतःच्या हाताने चढवून आलेल्या मुलाला दंतचक्र वेगळं समजावून द्यावं लागत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

मग ती शेड रिकामी होत गेली. अमुक एका वर्षी झाली असं सांगता येणार नाही. आधी लहान मुलांच्या सायकली गेल्या, मग मुलींच्या, मग मोठ्या मुलांच्या. मी निवृत्त झाले तेव्हा शेडमध्ये आम्हा शिक्षकांच्या स्कूटर होत्या, व्हॅन वळवता याव्यात म्हणून मधली जागा मोकळी ठेवलेली होती आणि कोपऱ्यात सात-आठ सायकली उभ्या होत्या. त्यातली एक माझी.

मुलं आळशी झाली, पालकांनी लाडावून ठेवली, असं स्टाफरूममध्ये अनेकदा बोललं जायचं. मला ते कधीच पटलं नाही. सातवीतली एक मुलगी सारखी उशिरा यायची. घर शाळेपासून अडीच किलोमीटरवर. बस मिळाली तर वेळेवर, नाही तर पहिला तास बुडाला. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते घरोघरी पेपर टाकायचे, रोज पहाटे पंधरा-वीस किलोमीटर सायकल चालवायचे. मी विचारलं, घरात सायकल आहे, मुलीला चालवता येते, मग तिला सायकलने का पाठवत नाही? ते म्हणाले, "बाई, मी रोज रस्त्यावर असतो, म्हणूनच पाठवत नाही."

माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. ज्या माणसाला सायकलवरून रस्ता कसा दिसतो हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे, तोच आपल्या मुलीला सायकल देत नाही. तेव्हापासून माझं एक मत झालं आहे आणि हे सगळं पत्र त्यासाठीच आहे. पुण्यात सायकल मार्ग झाले की नाही, हे त्या गृहस्थांनी ठरवायचं. ज्या दिवशी ते मुलीला सांगतील, "जा, सायकल घेऊन जा," त्या दिवशी मार्ग झाला. तोवर किती किलोमीटर पूर्ण झाले याचा आकडा कितीही मोठा असो, मार्ग झालेला नाही.

आकड्यांबद्दल बोलते, कारण ते सगळ्यांसमोर आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला. ८२४ किलोमीटरचं जाळं त्यात आखलेलं होतं. एवढ्या तपशिलात सायकलीचा विचार करणारी शहरं तेव्हा देशात फारशी नव्हती आणि त्याचं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं. त्याआधी २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, सुरू झाली, तेव्हा तिच्या कडेनेही सायकल मार्ग आखले होते. त्याच वर्षी केंद्र सरकारचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. रस्ता वाहनांना नव्हे, माणसांना नेण्यासाठी आहे, हे त्या धोरणात सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे विचार होता, धोरण होतं, आराखडाही झाला. आणि २०१८ मध्ये आरटीओच्या आकडेवारीतून कळलं की पुण्यातल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपेक्षा जास्त झाली आहे.

त्याच काळातली भाड्याच्या सायकलींची गोष्ट आठवत असेल. २०१७ च्या अखेरीला विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये त्या आल्या, पुढच्या वर्षी आणखी कंपन्या आल्या. मोबाइलवर कुलूप उघडायचं आणि निघायचं. शाळा सुटल्यावर माझे माजी विद्यार्थी त्या पिवळ्या-केशरी सायकलींवर दिसायचे, तेव्हा मी हरखून जायचे. थोड्याच काळात त्या दिसेनाशा झाल्या. काहींची मोडतोड झाली, कंपन्यांची त्यांची आर्थिक कारणंही होती, हे खरं आहे. पण मला त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. पुण्यात सायकलींची टंचाई कधीच नव्हती. कुठल्याही जुन्या सोसायटीच्या जिन्याखाली जाऊन पाहा. साखळीने बांधलेल्या, टायरातली हवा गेलेल्या, सीटवर धूळ बसलेल्या सायकली तिथे उभ्या आहेत. टंचाई रस्त्यावरच्या जागेची आहे, आणि ती जागा फक्त तुम्ही देऊ शकता.

आता जरा तांत्रिक बोलते. मी अभियंता नाही, पण चाळीस वर्षं या शहरात सायकल चालवली आहे, आणि सायकलवरून रस्त्याचा एकेक सेंटीमीटर कळतो.

सायकल मार्ग सरळ रस्त्यावर फारसा अपुरा पडत नाही. तो तुटतो चौकात. लाल किंवा निळ्या रंगाची पट्टी छान चालत येते आणि नेमकी चौकाच्या वीस-तीस मीटर आधी संपते. म्हणजे जिथे धोका सर्वांत कमी तिथे सायकलस्वाराला संरक्षण, आणि जिथे सर्वांत जास्त तिथे त्याने आपलं आपण पाहायचं. त्यात आपल्याकडचं मोकळं डावं वळण. फ्री लेफ्ट म्हणजे सरळ जाणाऱ्या सायकलच्या पोटात घुसणारं वळण. सायकलवाला कायम डाव्या कडेने असतो, त्याला सरळ जायचं असतं, आणि त्याच्या उजवीकडून आलेली गाडी न थांबता त्याच्यासमोरून डावीकडे वळते. डंपर किंवा काँक्रीटचा मिक्सर असेल तर चालकाला खाली डावीकडचं मूल दिसतही नाही. जिथे शाळा आहे, त्या चौकातलं फ्री लेफ्ट बंद करायला नवा पूल लागत नाही. एक सिग्नल, थोडी कडेची फरसबंदी आणि वळणाची त्रिज्या लहान करणं, एवढंच लागतं. वळण काटकोनाच्या जवळ आणलं की गाडीला वेग कमी करावाच लागतो.

दुसरी जागा म्हणजे गल्ल्यांची तोंडं आणि सोसायट्यांची फाटकं. उचललेला सायकल मार्ग प्रत्येक फाटकापाशी खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. दोनशे मीटरमध्ये आठ-दहा वेळा धक्के बसले की माणूस कंटाळून मुख्य रस्त्यावर येतो आणि मग लोक म्हणतात, मार्ग करून दिला तरी हे वापरत नाहीत. उलटं करून पाहा. मार्ग एका पातळीत सलग ठेवा आणि गल्लीतून येणाऱ्या गाडीला त्यावर चढून उतरू द्या. गाडी आपोआप सावकाश येईल आणि तिथे पाटी लावायचीही गरज पडणार नाही.

तिसरी गोष्ट बसथांबा. मार्ग थांब्याच्या पुढून नेला तर बस सायकलवर येते आणि उतरणारे प्रवासी सायकलसमोर. तो थांब्याच्या मागून नेला तर दोघांची सुटका होते. मग चेंबरची झाकणं, जी नेहमी नेमकी डाव्या कडेला, रस्त्यापेक्षा तीन बोटं खाली. पावसाळ्यात त्यावर पाणी साचलं की खोली कळत नाही. मग पेव्हिंग ब्लॉक, जे पहिल्याच खोदाईनंतर पुन्हा कधी सपाट बसत नाहीत. सायकल मार्गासाठी साधं डांबर किंवा गुळगुळीत काँक्रीट बरं. मग विजेची डीपी आणि तिच्याशेजारी उभी केलेली मोटार. खांबांमधलं अंतर हा तर स्वतंत्र विषय आहे. जास्त ठेवलं की स्कूटर आत येतात, कमी ठेवलं की दिव्यांग माणसाची तीनचाकी अडकते.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे, याची मला कल्पना आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सायकल मार्गांसाठीची मार्गदर्शक पुस्तिका २०१५ मध्ये सुधारून काढली. तुमची स्वतःची पथ रचनेची नियमावली आहे. जंगली महाराज रस्त्याचं काम याच विचाराने झालं. तिथल्या रुंद पदपथावर संध्याकाळी बाकांवर बसलेली म्हातारी माणसं आणि त्यांच्याभोवती खेळणारी मुलं पाहिली की या शहरात असं काम होऊ शकतं याची खात्री पटते. ती खात्री नसती तर मी हे पत्र लिहायला बसलेच नसते.

वेगाबद्दल एक गणित सांगते. नववीला मी दरवर्षी हे फळ्यावर सोडवून घ्यायचे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी आणि ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी, दोन्ही सारख्याच वजनाच्या. वेग दुपटीनेही वाढलेला नाही, पण धडकेची ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट झाली. ती ऊर्जा जाते कुठे, असं मी विचारायचे. मुलं गप्प व्हायची. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला रस्ते सुरक्षेची जागतिक परिषद झाली. जिथे माणसं आणि वाहनं एकत्र मिसळतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० ठेवावी, असं तिथल्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे, आणि त्यामागे हेच नववीचं गणित आहे. शाळेच्या चारी बाजूंना एक किलोमीटरपर्यंत ३० ची मर्यादा ठेवली, तर गाडीवाल्याचा वेळ किती जाईल? ३० ने एक किलोमीटरला दोन मिनिटं लागतात, ५० ने एक मिनिट बारा सेकंद. फरक अठ्ठेचाळीस सेकंदांचा. आणि सकाळी सातला किंवा दुपारी साडेबाराला पुण्यात शाळेसमोर ५० चा वेग मिळतो तरी कुठे? जो मिळतो तो मधल्याच मोकळ्या पट्ट्यात, जिथे मूल रस्ता ओलांडत असतं.

माझ्या मनगटात एक सळई आहे. कडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार अचानक उघडलं, मी त्यावर आदळले. चालक भला माणूस होता, त्यानेच मला दवाखान्यात नेलं. त्याने मागे पाहिलं नाही हे खरं, पण ती मोटार जिथे उभी होती ती जागा सायकलची होती, आणि हे त्याला खरोखर माहीत नव्हतं. त्याला वाटलं ती पार्किंगची पट्टी आहे. रंग फिका झालेला, पाटी झाडाआड गेलेली. नुसत्या रंगाने जागा राखली जात नाही, म्हणून हे सांगितलं. मध्ये काहीतरी हवं, मग ते उंचीतला फरक असो, झाडांची रांग असो किंवा कुंड्या असोत.

आता मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे ज्यांना आपण सायकलस्वार म्हणतच नाही. सायकलस्वार म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याला किंवा बोपदेव घाटाकडे निघणारे गट. त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. त्यांच्यामुळे सायकलला पुन्हा थोडी प्रतिष्ठा मिळाली. पण साडेसहा-सात वाजता, ते परत येतात त्या वेळी, दुसरीच माणसं सायकलवर निघालेली असतात. रात्रपाळी संपवून घरी जाणारे सोसायट्यांचे वॉचमन. हँडलला डबा लावलेले बांधकामावरचे गवंडी. माळी, दूधवाले, पेपरवाले, कॅरिअरवर पिशवी बांधून चार घरच्या पोळ्या करायला निघालेल्या बायका. एकेकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली दिसायच्या, असं जुनी माणसं सांगतात. तो लोंढा गेला, पण तेवढीच गरज असलेली माणसं आजही रस्त्यावर आहेत. विखुरलेली आहेत, म्हणून दिसत नाहीत. मुंढवा, वडगाव शेरी, धायरी, वारजे, कुठेही सकाळी सातला चौकात उभं राहा. यातलं कोणी तुमच्या बैठकीला येत नाही, सूचना-हरकती लिहून देत नाही. त्यांना सायकलची आवड आहे का, हा प्रश्नच नाही. त्यांना परवडतं ते हेच. त्यांना मार्ग दिला तर उद्यापासून वापरतील, कारण ते आजही रस्त्यावरच आहेत.

आणि मुली. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा नीट अभ्यास केला. माध्यमिक शाळेत वेळेवर दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुली यांच्यातलं अंतर ठळकपणे कमी झालं. जिथे शाळा गावापासून दूर होती तिथे परिणाम सर्वांत जास्त. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातल्या गरजू मुलींना सायकली मिळतात. म्हणजे मुलीला शाळेपर्यंत पोचवणारं साधन म्हणून सायकल खेड्यात आपण मानली. तीच मुलगी आईवडिलांबरोबर पुण्यात राहायला आली, की तिच्याकडची सायकल काढून घेतली जाते, कोणी हिसकावून नाही, तर रस्त्याच्या भीतीने. मग क्लास लावायचा तर भाऊ सोडायला हवा. ग्रंथालयात जायचं तर बाबा घरी यायला हवेत. माझ्या किती विद्यार्थिनींनी चांगल्या संधी केवळ "नेणार-आणणार कोण?" या एका प्रश्नापायी सोडल्या, ते मी जवळून पाहिलं आहे. अडीच-तीन किलोमीटर म्हणजे सायकलवर पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत ती कोणाचीही वाट न पाहता, कोणाचे उपकार न घेता, स्वतःच्या पायांवर जाऊन येते. हे स्वातंत्र्य रस्त्याने काढून घेतलं, ते रस्त्यानेच परत द्यायला हवं.

नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, तिथलं सोडा, ते लोक पहिल्यापासून सायकलवालेच. तसं नाही. युद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली कमी झाल्या. १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशात रस्त्यावर चारशेहून अधिक मुलं मेली. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. १९७३ च्या तेलटंचाईने त्यात भर घातली आणि सरकारने धोरण बदललं. आज तिथली मुलं एकटी शाळेत जातात ती त्या आईबापांमुळे. तिथेही सुरुवात शाळेच्या वाटेपासूनच झाली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि स्पेनमधल्या सेव्हिल शहराने साधारण २००६ नंतरच्या चार-पाच वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचं जाळं घातलं. ८२४ च्या तुलनेत ८० हा केवढा लहान आकडा. पण ते सगळं एकमेकांना जोडलेलं होतं आणि मोटारीपासून कठड्याने वेगळं केलेलं होतं. जिथे सायकल जवळजवळ दिसत नव्हती त्या शहरात लोक सायकलने कामावर जायला लागले. उन्हाळ्यात तिथे पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा ऊन ही सबब आपल्यालाही फारशी लागू पडत नाही.

जागा कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. पेठांमध्ये नाही, हे मीही मान्य करते. शनिवार पेठेत किंवा कसब्यात वेगळा सायकल मार्ग मागणं चुकीचंच आहे. तिथे मार्ग नको, तिथे सगळ्यांचाच वेग कमी हवा आणि काही एकेरी रस्त्यांवर सायकलला उलट दिशेने जायची अधिकृत परवानगी हवी. नाही तर पन्नास मीटरवरच्या दुकानात जायला सायकलवाल्याला पाऊण किलोमीटरचा वळसा पडतो आणि तो उलटाच जातो. २०२१ पासून ११ डिसेंबरला तुम्ही लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करता. त्या दिवशी दुकानं बंद पडत नाहीत, उलट माणसं रेंगाळतात. पेठांसाठी तोच धागा पुढे नेता येईल. पण उपनगरांत जागा आहे. ती आज उभ्या गाड्यांना फुकट दिलेली आहे. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली सहज मावतात.

फेरीवाल्यांना हटवून सायकल मार्ग मोकळा करा, असं मी म्हणणार नाही. भाजीवाली मावशी मार्गावर बसते, कारण तिला दुसरीकडे जागा दिलेली नाही आणि गिऱ्हाईक तिथेच आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला हक्क दिला आहे. रस्त्याची रचना करतानाच तिची जागा धरा, मग ती मार्गावर येणार नाही. उलट ती तिथे असली की संध्याकाळी रस्त्यावर वर्दळ राहते आणि मुलींना सुरक्षित वाटतं.

मेट्रोच्या स्थानकांचाही विचार व्हावा. वनाझपासून रामवाडीपर्यंत मेट्रो धावते, पण घरापासून स्थानकापर्यंतच्या दोन किलोमीटरसाठी लोक रिक्षा नाही तर दुचाकी काढतात, आणि एकदा दुचाकी काढली की थेट ऑफिसलाच जातात. स्थानकाखाली राखण असलेलं, छप्पर असलेलं सायकल स्टँड हवं. राखण हा शब्द मुद्दाम वापरते. नुसते लोखंडी कमान लावलेले स्टँड कोणी वापरत नाही, कारण संध्याकाळी सीट गायब झालेली असते. आमच्या शाळेत शिपाईमामा होते, म्हणून मुलं निर्धास्त होती.

माझं मागणं मोठं नाही. ८२४ किलोमीटर मी मागत नाही. या उन्हाळ्याच्या सुट्टीत शहराच्या तीन वेगवेगळ्या भागांतल्या तीन शाळा निवडा. त्यातली निदान एक महापालिकेची असावी, कारण तिथल्या मुलांच्या घरी गाडी नाही. प्रत्येक शाळेभोवती एक-दीड किलोमीटरच्या परिघात मुलं कुठून येतात ते शाळेच्या हजेरीपटावरून कळेल, पत्ते तिथे आहेतच. त्या वाटा सलग करा. मोठा चौक येतो तिथेच सगळी ताकद लावा. फ्री लेफ्ट बंद करा, ओलांडायची जागा पदपथाच्या पातळीला उचला, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत टँकर, डंपर आणि मिक्सरना त्या रस्त्यावर बंदी घाला. यासाठी वाहतूक पोलीस बरोबर हवेत, म्हणून हे पत्र त्यांनाही पाठवते आहे. दोन मजली उड्डाणपुलाच्या तुलनेत याला किती खर्च येईल, त्याचा हिशोब तुम्हीच मांडू शकाल. विद्यापीठ चौकातला पूल बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती, २०२० मध्ये तो पाडावा लागला. सायकल मार्ग चुकला तर एवढं मोठं काही पाडावं लागत नाही. कडेचा दगड हलवायचा आणि पुन्हा करायचं.

आणि या कामाला एक माणूस नेमा, ज्याचं नाव आणि फोन नंबर शाळेच्या फलकावर लिहिलेला असेल. आज मार्गावरची झाडाची फांदी एका विभागाची, चेंबर दुसऱ्याचं, दिवा तिसऱ्याचा, उभी गाडी पोलिसांची. सायकलवाल्याला या सगळ्यांची दारं वाजवता येत नाहीत. कोणी केबलसाठी खोदलं तर सायकल मार्ग पूर्वी होता तसाच करून मिळाला की नाही, हे पाहणं त्या एका माणसाचं काम. त्याच्याशिवाय केलेला मार्ग दोन पावसाळे टिकणार नाही.

काम झालं की तपासणीला गाडीतून जाऊ नका. पाचवीच्या मुलाची सायकल घ्या, लहान चाकाची. तिच्यावर बसलेल्या माणसाची नजर मोटारीच्या काचेच्या खालच्या कडेपर्यंतच पोचते. तिथून चौक कसा दिसतो ते पाहा. झाडाची कुंडी किंवा जाहिरातीचा खांब तुमच्या उंचीला आड येत नाही, तो तिथून आड येतो.

ती सातवीतली मुलगी आता नर्सिंग शिकते आहे. परवा भेटली होती. तिची सायकल अजून घरी आहे, धाकट्या भावासाठी ठेवली आहे, असं म्हणाली. भाऊ यंदा पाचवीत गेला. वडिलांनी त्याला अजून रस्त्यावर सोडलेलं नाही. मी त्या गृहस्थांना विचारलं आहे, मार्ग झाला तर तपासायला याल का? ते येतो म्हणाले, पण सातनंतर, तोवर त्यांचे पेपर टाकून झालेले असतात.

तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी सोमवार ते शुक्रवार कुठलाही दिवस सांगा. माझ्याकडे दोन सायकली आहेत, तिसरी शाळेच्या कोपऱ्यातून मागून घेईन. पत्रासोबत त्या शाळेपासून त्या मुलीच्या घरापर्यंतच्या अडीच किलोमीटरचा मी हाताने काढलेला नकाशा जोडते आहे. चौक लाल पेनने दाखवले आहेत. एकूण पाच आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे